शिळेवरील १९१९ : पहिले महायुद्ध समजून घेण्यासाठी काही संज्ञा

सातारा जिल्ह्यातील एका गावी काही वर्षांपूर्वी शासकीय कामानिमित्त जाण्याचा योग आला. प्राथमिक शाळेच्या जुन्या इमारतीची दुरुस्ती चालू होती. व्हरांड्याच्या भिंतीत बसविलेली एक संगमरवरी शिळा चुन्याच्या कित्येक हातांखालून नुकतीच मोकळी झाली होती. या गावातून महायुद्धावर किती पुरुष गेले आणि त्यांपैकी किती जणांनी प्राण वेचले, एवढाच मजकूर तिच्यावर कोरलेला होता. नावे नव्हती. दोन आकडे होते आणि काळ होता : १९१४ ते १९१९.

शिळा पाहावयास जमलेल्या मंडळींत वाद चालला होता. पाठ्यपुस्तकात युद्ध १९१८ साली संपल्याचे स्पष्ट छापलेले असताना शिळेवर १९१९ कसे? पंचायतीचे एक सदस्य म्हणाले, "रंगारी आलाच आहे, तर नवाचा आठ करून घेऊ. पोरं उगाच चुकीचं पाठ करतील." मुख्याध्यापकांना ते पटत नव्हते, पण का पटत नाही, हे त्यांना सांगता येईना. "साहेब, आता तुम्हीच सांगा," म्हणून त्यांनी प्रश्न माझ्याकडे वळविला. महाविद्यालयात इतिहास हा माझा विषय होता. तरीही त्या क्षणी समाधानकारक उत्तर देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. "तूर्त शिळेला हात लावू नका," एवढे सांगून मी वेळ मारून नेली.

पुढे सवडीने वाचन केल्यावर ध्यानात आले की, शिळाही चुकलेली नाही आणि पाठ्यपुस्तकही चुकलेले नाही. पुस्तकातील वर्ष हे शस्त्रसंधीचे आहे. शिळेवरील वर्ष हे तहाचे आहे. या दोन शब्दांतील अंतर ठाऊक नसेल, तर नवाचा आठ करण्याची इच्छा होणे स्वाभाविकच होय. महायुद्धाविषयी आपण जे वाचतो त्यातील पुष्कळशी गुंतागुंत अशाच थोड्या शब्दांत अडकलेली असते. शाळेत शिकविताना, ग्रामसभेत बोलताना किंवा स्मारकाच्या कार्यक्रमात भाषण करताना उपयोगी पडतील अशा काही संज्ञांचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचा हेतू आहे.

'पहिले' आणि 'जागतिक'

प्रथम नावाचाच विचार करू. या युद्धात लढलेल्या शिपायाला आपण 'पहिल्या' महायुद्धात लढत आहोत याची कल्पना नव्हती. तेव्हा सर्वत्र त्यास नुसते 'महायुद्ध' म्हणत, आणि शिळेवरही तसेच कोरलेले असते. १९३९ साली दुसरे सुरू झाल्यावर आधीच्यास 'पहिले' म्हणण्याचा प्रघात रूढ झाला.

युद्ध युरोपात पेटले, मग ते 'जागतिक' कसे? याचे उत्तर साम्राज्यांच्या रचनेत आहे. ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, त्याच क्षणी हिंदुस्थानही युद्धमान देश ठरला. येथील जनतेचे मत विचारण्याचा प्रश्नच नव्हता. 'युद्धमान' म्हणजे कायद्याच्या दृष्टीने युद्धाच्या स्थितीत असलेला देश; मग त्याच्या सीमेवर एकही गोळी सुटलेली नसो. येथे मात्र तोफगोळे लवकरच येऊन पडले. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री 'एम्डन' या जर्मन युद्धनौकेने मद्रास बंदरावर मारा करून तेलाच्या टाक्या पेटविल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस हिंदी फौजेच्या पहिल्या तुकड्या फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरल्या. युद्धाच्या काळात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे सैन्यात व सैन्याच्या कामावर परदेशी गेली आणि सुमारे ७४ हजार मृत्युमुखी पडली.

करार, खलिता आणि जमवाजमव

२८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड व त्याची पत्नी यांची सारायेव्हो येथे गाव्ह्रिलो प्रिन्सिप या तरुणाने हत्या केली. परीक्षेत 'महायुद्धाचे तात्कालिक कारण' म्हणून हे एक वाक्य लिहिले की गुण मिळतात. परंतु एका हत्येतून पाच आठवड्यांत सारे युरोप कसे पेटले, हे त्या वाक्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी चार शब्द समजून घ्यावे लागतात.

पहिला शब्द करार. १८८२ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी व इटली यांचा त्रिराष्ट्र करार झाला. १८९४ मध्ये फ्रान्स व रशिया यांची युती पक्की झाली. मात्र ब्रिटनने १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी जो समझोता केला तो निराळ्या प्रकारचा होता. वसाहतींविषयीचे जुने तंटे मिटविणारा तो सलोखा होता. युद्धात उडी घेण्याचे बंधन त्यात नव्हते. युती आणि सलोखा यांत असा भेद आहे. दुसरे असे की, त्रिराष्ट्र करार संरक्षणात्मक होता. कोणी हल्ला केला तर एकमेकांच्या साहाय्यास जावयाचे. ऑस्ट्रियानेच आधी हल्ला केला, असे म्हणून इटली १९१४ साली बाजूस राहिली आणि १९१५ च्या मे महिन्यात चक्क विरुद्ध पक्षास मिळाली. करारांच्या साखळीने सर्वांना आपोआप ओढले, हे जे सरसकट सांगण्यात येते ते म्हणूनच अर्धेच खरे आहे.

दुसरा शब्द निर्वाणीचा खलिता. खलिता हा मराठी दप्तराला परिचित शब्द. साधा निषेधाचा खलिता आणि निर्वाणीचा खलिता यांत फरक असा, की निर्वाणीच्या खलित्यात मागणी असते, मुदत असते आणि मुदत टळल्यास काय होईल याची सूचना असते. ऑस्ट्रियाने २३ जुलै रोजी सर्बियास असा खलिता पाठविला. मुदत अठ्ठेचाळीस तासांची. सर्बियाने बहुतेक मागण्या मान्य केल्या. परंतु आपल्या भूमीवर चालणाऱ्या चौकशीत ऑस्ट्रियाचे अधिकारी भाग घेतील, ही अट नाकारली. जर्मनीने ऑस्ट्रियास पाठिंब्याचा जणू कोरा धनादेश आधीच देऊन ठेवला होता. २८ जुलै रोजी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले.

येथपर्यंत हे दोन देशांचे भांडण होते. त्याचे महायुद्ध झाले ते तिसऱ्या शब्दामुळे. सैन्याची जमवाजमव या शब्दाकडे आपल्या पाठ्यपुस्तकांचे फारसे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते. शांततेच्या काळात त्या राष्ट्रांचे खडे सैन्य मर्यादित असे. परंतु दोन-तीन वर्षे सक्तीची लष्करी नोकरी करून घरी परतलेले लाखो शेतकरी, सुतार, कारकून हे राखीव सैनिक म्हणून नोंदलेले असत. हुकूम निघताच त्यांनी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या छावणीत हजर व्हावयाचे, गणवेश व बंदूक घ्यावयाची आणि ठरलेल्या आगगाडीने सरहद्दीकडे जावयाचे. ही सारी वेळापत्रके कित्येक वर्षे आधी तयार करून ठेवलेली होती.

जर्मनीचा बेत असा होता की, रशियासारख्या अफाट देशास जमवाजमव पुरी करण्यास वेळ लागेल. तेवढ्या अवधीत, म्हणजे सुमारे सहा आठवड्यांत, फ्रान्सचा निकाल लावावयाचा आणि मग सारे सैन्य पूर्वेकडे वळवावयाचे. साहजिकच रशियाने जमवाजमवीचा हुकूम काढला की जर्मनीच्या घड्याळाचा काटा सुरू होणार. ३० जुलै रोजी झारने तो हुकूम दिला. १ ऑगस्ट रोजी जर्मनीने रशियाविरुद्ध व ३ ऑगस्ट रोजी फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले. त्या १ ऑगस्टला, फ्रान्सला बाजूस ठेवून सर्व सैन्य केवळ रशियाकडे पाठविता येईल काय, अशी विचारणा खुद्द कैसरने केली होती. सेनाप्रमुख मोल्टके यांनी ते अशक्य असल्याचे सांगितले. निवडणुकीच्या कामाचा अनुभव असलेल्या अधिकाऱ्यांना यातील अडचण चटकन उमगेल. मतदान पथके साहित्यासह रवाना झाल्यावर सर्व केंद्रे बदला असा आदेश आला तर काय होईल? आणि येथे तर प्रश्न लाखो माणसांचा व हजारो गाड्यांचा होता. राजकारणाने घेतलेला निर्णय वेळापत्रकाने अमलात आणावा, असा नियम. त्या आठवड्यात वेळापत्रकच राजकारणाला हुकूम देऊ लागले.

चौथा शब्द तटस्थता. फ्रान्सवर झटपट चाल करण्याचा मार्ग बेल्जियममधून जात होता, आणि बेल्जियमची तटस्थता युरोपातील प्रमुख सत्तांनी १८३९ च्या लंडन येथील तहाने मान्य केलेली होती. जर्मन सैन्य ४ ऑगस्टला बेल्जियममध्ये घुसले आणि ब्रिटनला युद्धात उतरण्यास कारण व निमित्त दोन्ही मिळाली. त्या जुन्या तहाची संभावना जर्मन चॅन्सेलरने कागदाचा कपटा अशी केली, ती पुढे जर्मनीच्या फार अंगलट आली. जाता जाता एक खुलासा करणे इष्ट आहे. तटस्थता आणि स्वतंत्र भारताने स्वीकारलेली अलिप्तता हे समानार्थी शब्द नव्हेत. तटस्थता ही युद्ध चालू असतानाची कायदेशीर स्थिती आहे. तीत दोन्ही पक्षांशी समान वर्तन ठेवण्याचे बंधन असते. अलिप्तता हे शांततेच्या काळातही चालणारे परराष्ट्र धोरण असून, त्यात एखाद्या प्रश्नावर स्पष्ट बाजू घेण्याची मुभा असते. विद्यार्थी या दोन शब्दांची नेहमी गल्लत करतात. मोठी माणसेही करतात.

आघाडी, खंदक, हताहत

ब्रिटन, फ्रान्स, रशिया व त्यांचे साथी ही दोस्त राष्ट्रे. जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, तुर्कस्तान व बल्गेरिया ही मध्यवर्ती राष्ट्रे. आघाडी हा शब्द आज आपण राजकीय पक्षांच्या जुळणीसाठी वापरतो. युद्धशास्त्रात आघाडी म्हणजे दोन सैन्ये समोरासमोर भिडलेली रेषा. सप्टेंबर १९१४ मध्ये मार्न नदीवर जर्मन मुसंडी अडली आणि त्यानंतर उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर लांबीची खंदकांची रांग तयार झाली. ही पश्चिम आघाडी. यंत्रतोफा व काटेरी तारा यांच्या बळावर बचाव करणे सोपे आणि चढाई करणे महाकठीण होऊन बसले. तीन वर्षांहून अधिक काळ ही रेषा फारशी हलली नाही. तेव्हा शत्रूची जागा घेण्याऐवजी शत्रूची माणसेच संपवावयाची, असे डावपेच पुढे आले. यास झिजवण्याचे युद्ध म्हणतात. १९१६ मधील व्हर्दून व सोम येथील लढाया ही त्याची उदाहरणे होत. विषारी वायू (ईप्र, एप्रिल १९१५) आणि रणगाडा (सोम, सप्टेंबर १९१६) ही या कोंडीतून वाट काढण्याचीच साधने होती.

येथे 'हताहत' या शब्दाविषयी सावध राहावे. इंग्रजी ग्रंथांतील आकडे मराठीत आणताना हताहतांचा आकडा मृतांचा म्हणून छापला गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. हताहतांत ठार, जखमी, बेपत्ता आणि कैद झालेले असे सारेच येतात. सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, ब्रिटिश सैन्याचे ५७ हजारांहून अधिक हताहत झाले. त्यांत मृत १९ हजारांवर होते. दोन्ही आकडे भयंकरच आहेत, पण ते एकच नव्हेत.

अशा झिजेला माणसे कोठून पुरवावयाची? जानेवारी १९१६ मध्ये ब्रिटननेही सक्तीच्या भरतीचा कायदा केला. हिंदुस्थानात असा कायदा झाला नाही. भरती स्वेच्छेची म्हणविली जाई, जरी काही प्रांतांत अधिकाऱ्यांचा दबाव पुष्कळ असे. या भरतीमागे 'लढाऊ जाती' नावाची एक ब्रिटिश कल्पना होती. काही समाज जन्मतःच लढवय्ये आणि बाकीचे नालायक, असे तिचे स्वरूप. या कल्पनेपायीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महार समाजाची सैन्यभरती बंद करण्यात आली होती. माणसांची चणचण भासू लागल्यावर तिचा आपसूक विसर पडला आणि १९१७ मध्ये १११ महार्स ही पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर ती मोडण्यात आली. शास्त्रीय म्हणून मिरविणाऱ्या एखाद्या सिद्धान्ताची किंमत याहून स्पष्टपणे क्वचितच उघड झाली असेल.

भरती आणि स्वराज्य यांचा संबंधही याच काळातील. १० जून १९१८ रोजी मुंबईत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या अध्यक्षतेखाली युद्ध परिषद भरली होती. लोकमान्य टिळकांनी युद्धसाहाय्याबरोबर स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नरांनी त्यांना अडविले आणि टिळक सभा सोडून निघून गेले.

नाकेबंदी आणि वेढा

नाके अडविले की माल आत जाऊ शकत नाही, हे जकातीच्या दिवसांत वाढलेल्या पिढीला सांगावयास नको. ब्रिटिश आरमाराने उत्तर समुद्राची नाकी अडवून जर्मनीचा सागरी व्यापार बंद पाडला. प्रारंभी दारूगोळ्यासारख्या निषिद्ध मालापुरती असलेली ही बंदी पुढे धान्यावरही आली. युद्ध केवळ सैनिकांचे न राहता स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले. सर्वंकष युद्ध ते हेच. जर्मनीने उलट पाणबुड्यांनी ब्रिटनची नाकेबंदी करण्याचा प्रयत्न केला. ७ मे १९१५ रोजी 'लुसितानिया' हे प्रवासी जहाज बुडून सुमारे बाराशे माणसे मेली. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने कोणत्याही जहाजाला पूर्वसूचनेविना बुडविण्याचे, म्हणजे अनिर्बंध पाणबुडी युद्धाचे, धोरण घेतले आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली. या समुद्री युद्धाचा एक हिशेब मुंबईत आहे. मशीद बंदर येथील खलाशांच्या वसतिगृहातील स्मारकात त्या युद्धात समुद्रावर मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची स्मृती जतन केलेली आहे.

नाकेबंदी देशाची होते. वेढा गावाला किंवा किल्ल्याला पडतो. महाराष्ट्राच्या दृष्टीने या युद्धातील सर्वांत मोठा वेढा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडला. नोव्हेंबर १९१४ मध्ये सहाव्या पुणे डिव्हिजनचे सैन्य फाओ येथे उतरले आणि त्याच महिन्यात त्याने बसरा घेतले. तेथून तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने जाण्याचा मोह झाला. नदीतील बोटी अपुऱ्या, औषधपाण्याची व्यवस्था त्याहून अपुरी. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे मार खाऊन सैन्य कूट-अल्-अमारा या गावी मागे आले आणि ७ डिसेंबरपासून तुर्की सैन्याने त्यास वेढले. त्यात १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोडे व खेचरे कापण्यात आली. परंतु धर्माच्या कारणाने बहुसंख्य हिंदी शिपाई दीर्घकाळ ते मांस खाईनात. सुटकेसाठी बाहेरून आलेल्या सैन्याचे सुमारे २३ हजार हताहत झाले आणि वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण आली. त्यांत केवळ शिपाई नव्हते. पाणके, स्वयंपाकी, खेचरवाले, डोलीवाले असे बिनलढाऊ लोकही होते. वाळवंटातील सक्तीच्या वाटचालीत आणि कैदेत त्यांतील हजारो जण मेले. बगदाद ११ मार्च १९१७ रोजी पडले. परंतु कूटच्या वेढ्यात गेलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता.

शस्त्रसंधी म्हणजे तह नव्हे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहाटे फ्रान्समधील काँपियेन्यच्या अरण्यात, रेल्वेच्या डब्यात, जर्मन प्रतिनिधींनी सह्या केल्या आणि सकाळी अकरा वाजता पश्चिम आघाडीवरील तोफा थांबल्या. ही शस्त्रसंधी. शस्त्रसंधी म्हणजे गोळीबार थांबविण्याचा सेनापतींमधील करार. तिने युद्धाची स्थिती संपत नाही. फक्त लढणे थांबते. ही शस्त्रसंधी तर आरंभी अवघ्या छत्तीस दिवसांची होती आणि तिची मुदत पुनःपुन्हा वाढवावी लागली. तोफा थांबल्यावरही नाकेबंदी १९१९ च्या जुलैपर्यंत उठली नाही, यावरून फरक ध्यानात यावा.

तह हा राष्ट्रांमधील करार. सीमा, नुकसानभरपाई, कैदी, वसाहती यांचा निकाल तहात लागतो. जर्मनीशी व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी झाला. सारायेव्होच्या हत्येला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे पूर्ण झाली. हिंदुस्थानच्या वतीने भारतमंत्री मॉण्टेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंग यांनी सह्या केल्या. सही म्हणजेही अंमल नव्हे. प्रत्येक राष्ट्राच्या विधिमंडळाने किंवा शासनाने तहास मान्यता द्यावी लागते. ती होऊन व्हर्सायचा तह अमलात आला तो १० जानेवारी १९२० रोजी. अमेरिकेच्या सिनेटने तर मान्यता दिलीच नाही. त्या देशाने जर्मनीशी १९२१ मध्ये स्वतंत्र तह केला.

या भेदाला केवळ पंडिती मोल आहे, असे कोणी समजू नये. तुर्कस्तानशी मुद्रोस येथे ३० ऑक्टोबर १९१८ रोजी शस्त्रसंधी झाली व दुसऱ्या दिवशी दुपारी ती अमलात आली. त्या सुमारास इराकच्या उत्तरेस शरकत येथे लढाई नुकतीच संपत होती. त्या लढाईत ११४ मराठा पलटणीने मोठे शौर्य गाजविले. मोसूल मात्र अद्याप तुर्कांच्या ताब्यात होते. शस्त्रसंधीनंतर, नोव्हेंबरच्या प्रारंभी, ब्रिटिशांनी ते घेतले. शस्त्रे ठेवल्यानंतर घेतलेला मुलूख कोणाचा, हा वाद आठ वर्षे चालला आणि राष्ट्रसंघाच्या मध्यस्थीनंतर १९२६ च्या तहाने मोसूल इराककडे राहिले.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. १९१५ चा भारत संरक्षण कायदा 'चालू युद्ध व त्यानंतरचे सहा महिने' एवढ्याच काळापुरता होता. विनाचौकशी स्थानबद्ध करण्याचे जे अधिकार त्याने दिले, ते युद्ध संपताच जाणार, ही सरकारची चिंता. त्यातून मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला आणि त्याची मुदत 'चालू युद्ध समाप्त झाल्यापासून तीन वर्षे' अशी ठेवण्यात आली. म्हणजे आघाडीवरील तोफा थांबून चार महिने लोटले होते, तरी कायद्याच्या लेखी युद्ध चालूच होते. युद्ध केव्हा संपले, या प्रश्नाच्या उत्तरावर येथील माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून होते. हा कायदा व त्याविरुद्धचा सत्याग्रह यांच्या पाठोपाठ १३ एप्रिल १९१९ चे जालियनवाला बाग घडले. कायद्याच्या दृष्टीने ब्रिटनने युद्धसमाप्तीची तारीख जाहीर केली ती ३१ ऑगस्ट १९२१. आणि तुर्कस्तानपुरती तर ६ ऑगस्ट १९२४.

तहांतून आलेल्या आणखी तीन संज्ञा थोडक्यात पाहू. नुकसानभरपाई : जर्मनीवर १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्क इतकी रक्कम बसविण्यात आली. ती पूर्ण कधीच वसूल झाली नाही. मात्र त्या देण्यासाठी काढलेल्या कर्जरोख्यांचा शेवटचा हप्ता जर्मनीने ऑक्टोबर २०१० मध्ये फेडला. स्वयंनिर्णय : प्रत्येक लोकसमूहाने आपले राज्य आपण ठरवावे, हे तत्त्व. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया यांना ते लागू झाले. हिंदुस्थान, इजिप्त यांना झाले नाही. अधिदेश : जर्मनी व तुर्कस्तान यांच्याकडून काढून घेतलेले प्रदेश राष्ट्रसंघाच्या नावाने विजेत्यांनी सांभाळावयाचे, ही व्यवस्था. इराक व पॅलेस्टाइन ब्रिटनकडे, सीरिया व लेबनॉन फ्रान्सकडे गेले. पश्चिम आशियाच्या आजच्या नकाशातील कित्येक रेषा त्या काळच्या आहेत.

तेव्हा शिळेवरील १९१४ ते १९१९ हा काळ युद्ध पुकारल्यापासून तह होईपर्यंतचा आहे. त्या युद्धाबद्दल शिपायांना दिलेल्या विजयपदकावरही हीच वर्षे आहेत. नवाचा आठ करण्याचे कारण नाही.

हा खुलासा मी मुख्याध्यापकांना पत्राने कळविला. त्यांचे उत्तर आले, की शिळा साबण-पाण्याने धुऊन आहे त्याच जागी ठेवली आहे. पण आता पोरे विचारतात, ही माणसे होती कोण? दोन आकड्यांवरून ते सांगता येत नाही. या बाबतीत बसऱ्याचे मोठे स्मारक आपल्या गावाच्या शिळेपेक्षा वेगळे नाही. १९२९ मध्ये उघडलेल्या आणि १९९७ मध्ये शहरापासून दूर वाळवंटात हलविण्यात आलेल्या त्या स्मारकावर मेसोपोटेमियात पडलेल्या, ज्यांची कबर ठाऊक नाही, अशा चाळीस हजारांवर माणसांची स्मृती आहे. ब्रिटिश सैनिकांची व हिंदी अधिकाऱ्यांची नावे शिळांवर कोरलेली आहेत. हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीचे नाव आणि त्याखाली आकडा आला. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही विषमता मान्य केली आहे.

नावे अगदीच हरवलेली आहेत असे नाही. आयोगाच्या नोंदवह्यांत ती आहेत आणि त्या आता संगणकावर कोणासही पाहता येतात. अनेक नोंदींत शिपायाच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हा दिलेला असतो. इंग्रजी कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिलेले असल्यामुळे गावाचे नाव चटकन ओळखू येत नाही. म्हणून आधी पलटण, मग जिल्हा व त्यानंतर वडिलांचे नाव अशा क्रमाने शोधणे सोयीचे पडते. १९१९ किंवा १९२० साली मरण पावलेला शिपाई आढळल्यास ती नोंद चुकीची मानू नये. ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू त्या वह्यांत युद्धातीलच धरलेले आहेत. त्या शाळेतील सातवीच्या मुलांनी अशी पहिली दोन नावे काढली असून, दोन्ही ११७ मराठा पलटणीतील आहेत.